दुखत नाही म्हणते

नंदुरबार
१४ मार्च २०२४

इचरजबाई शेठाणी यांना सुगंधाचा दंडवत,

शेठाणी म्हटलं म्हणून तोंड फुगवू नको, चिडवायलाच म्हटलं. धानोऱ्याच्या शाळेत माझ्या डब्यातली कळण्याची भाकर पळवणारी इचरज ती हीच का, असं मी परवा तुमच्या गोदामात बसून मनाशी म्हणत होते. केवढी रीतभात, केवढा मान! अक्कलकुव्यात तुन्हा भलता रुबाब शे बाई.

फोनच करणार होते. पण तुझ्या घरी फोन आधी सून उचलते, मग शेठजी विचारतात कोण शे, मग तुझा लेक नमन तो स्पीकरवर टाकतो आणि सगळं घर जेवता जेवता आपलं बोलणं ऐकतं. म्हणून पत्र. मगनची काळीपिवळी रोज तुझ्या दारावरून जाते, तो तुझ्याच हातात देईल. तूही त्याच्याकडेच दे.

आमच्या सोबतीण मंडळाच्या छातीच्या गाठींच्या शिबिराला गोदाम दिलंत, चहापोहे दिलेत, शेठजींना आभार सांग. डोंगरातल्या बाया होळीच्या बाजाराला आलेल्या, त्या गूळ-डाळ्यांच्या पिशव्या घेऊनच आत शिरल्या. मी शिवलेल्या त्या कापडी छातीत तुरीचा दाणा, हरभरा आणि सुपारी लपवलेली असते ना, ती चाचपताना किती लाजल्या बिचाऱ्या! तू मात्र डोळे मिटून तिन्ही बरोबर ओळखलंस. आणि पडद्यामागे डॉक्टरीणबाईंकडे जायची तुझी पाळी आली तेव्हा पोहे करपतील म्हणून पळालीस. वा गं वा! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

माझी एक बाजू आठ वर्षांपासून सपाट आहे. तरी जित्ती शे ना मी? मग भ्यायचं काय? दर मंगळवारी सिव्हिलजवळच्या आमच्या खोलीत बाई येतात, फुकट तपासतात. ये एकदा. मग सोबत भरीत-भाकरी खाऊ.

तुझी
सुगंधा


अक्कलकुवा
५ एप्रिल २०२४

सुगंधा, जय जिनेंद्र.

भरीत-भाकरीचं आता वर्षभर तरी जमायचं नाही. होळीनंतरच्या अष्टमीला मी आमच्या साध्वी महासतीजींकडून वर्षीतपाचं पच्चक्खाण घेतलं, म्हणजे नेम घेतला. एक दिवस उपवास, नुसतं उकळलेलं पाणी. दुसऱ्या दिवशी दोन वेळा जेवण, तेही दिवस मावळायच्या आत. पुढच्या अक्षय्यतृतीयेला उसाचा रस घेऊन पारणं. एकदम कसं काय ठरवलंस, असं रक्षाचे पप्पा विचारत होते. मी म्हटलं, मनात आलं. ते फार खूश आहेत. दुकानात येईल त्याला सांगतात.

रक्षासाठी दोंडाईच्याचं स्थळ आलं आहे. माणसं चांगली आहेत, पण बारीक चौकशी करणारी. मुलीच्या आईला काय, आजीला काय, कुणाला साखर आहे का, सगळं विचारतात.

एक विचारायचं होतं. तुझ्या शिबिरानंतर एक बाई माझ्याकडे आली. नाव सांगत नाही, तिला वचन दिलं आहे. तू दाखवलंस तसं तिने घरी चाचपून बघितलं. उजवीकडे, काखेच्या बाजूला, हरभऱ्याएवढं काही लागतं म्हणते. दुखत नाही. दुखत नाही म्हणजे बरंच ना? आपोआप जिरत असेल ना? तिला काय सांगू ते लिही.

इचरज


नंदुरबार
१२ एप्रिल २०२४

इचरज,

आधी त्या बाईचं. दुखत नाही हेच वाईट! दुखलं असतं तर ती केव्हाच धावत आली असती. मलाही दुखत नव्हतं, म्हणून मी सहा महिने घालवले आणि वर त्यावर एरंडाची पानं बांधली. तिला सांग, मंगळवारी ये. बहुतेक गाठी साध्याच निघतात. तशी नसली तरी हरभऱ्याएवढी असताना पकडली तर बाई वाचते. पैसा लागत नाही, योजनेत होतं. सुरतला, नाशिकला जायचं झालं तर आमच्यातली एक सोबत जाते, धर्मशाळेत राहते, डबा आणते. आणि मंडळाचा एकच नियम आहे, बाईची गोष्ट बाईच्या तोंडूनच बाहेर जाईल, आमच्या नाही.

आता खरं सांग, ती कमलीबाईच ना, तुझ्याकडे भांडी घासणारी? शिबिरात ती भिंतीला टेकून, हात छातीशी घट्ट धरून उभी होती. मला तेव्हाच शंका आली होती. तू वचन दिलंस ते ठेव, मी नाव घेत नाही. पण तिला धाड, गाडीभाडं मी देईन.

आणि तपाचं ऐकून मी चाटच पडले. चिंचा चोरून खाणारी तू, वर्षभर एकाआड एक उपवास! हात जोडते बाई तुला. आम्हाला एक चतुर्थी निभत नाही.

सुगंधा


अक्कलकुवा
३० जून २०२४

सुगंधा,

पत्राला उशीर झाला. तू ओळखलंस ते ओळखलंस, मी काही म्हणत नाही. कमलीबाई पेरणीसाठी गावी गेली आहे. आता मका-ज्वारी सोडून ती कुठली नंदुरबारला येते? बघू नंतर.

तप ठीक चाललं आहे. पहिले पंधरा दिवस जड गेले, आता अंगवळणी पडलं. अंग उतरलं, ब्लाउज सगळे सैल झाले. निशा म्हणते, मम्मीजी, तुम्ही तर लग्नाच्या फोटोतल्यासारख्या दिसता. उपासाच्या दिवशी घरात कुणी मला काही विचारत नाही, कामाला हात लावू देत नाही, एकटं बसू देतात. एवढी शांतता मला लग्न झाल्यापासून मिळाली नव्हती.

ती गाठ मोठी होत गेली तर किती दिवसांत होते? त्या बाईने विचारलं होतं.

इचरज


नंदुरबार
९ सप्टेंबर २०२४

इचरज, पेढे वाट!

गेल्या आठवड्यात मोलगीला शिबिर होतं. मी विचार केला, कमलीबाई येत नाही तर आपणच जाऊ. चिखलात जीप रुतली, गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून आम्ही बाया तिच्या पाड्यावर पोचलो. तिचा नवरा वाहरू आधी दारातच आडवा आला. त्याला वाटलं नसबंदीवाले आले! हसून हसून पुरेवाट झाली. कमलीबाई तर म्हणते, मला कुठे गाठ? कोण म्हणालं? मी म्हटलं, लाजू नको, शेठाणीने सगळं सांगितलंय. बाईंनी तिथेच झोपडीत तपासलं. काही नाही, एकदम साफ. मला इतका आनंद झाला की मी तिला मिठीच मारली आणि ती बिचारी बघतच राहिली.

होतं असं. शिबिरात ऐकलं की काही बायांना रात्रभर गाठी लागत राहतात आणि नंतर त्या कबूलही करत नाहीत. जाऊ दे, सुंठीवाचून खोकला गेला. गाठ मोठी झाली तर, ही काळजी आता सोड.

तुझी फार आठवण काढत होती ती. म्हणाली, शेठाणी पहिल्यासारखं पाठीला तेल लावू देत नाही, न्हाणीची कडी आतून लावते. तपात मालिश बंद असते का गं? तुमचे नियम मला काय कळणार.

सुगंधा


अक्कलकुवा
१७ नोव्हेंबर २०२४

सुगंधा,

हो, तपात मालिश बंद.

कमलीबाई सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. तुला एवढा चिखल तुडवावा लागला, त्याचं वाईट वाटतं.

दोंडाईच्याशी रक्षाचं पक्कं झालं. पारण्यानंतर पंधरा दिवसांनी लग्न, मांडव तोच, आधी पारण्याचे पाहुणे, मग लग्नाचे पाहुणे. व्याही म्हणाले, तपस्विनीच्या घरची मुलगी मिळते आहे, अजून काय पाहिजे? रक्षाने ऐकलं आणि माझ्याकडे बघून हसली. इतकी गोड दिसत होती की मी आत निघून गेले.

गावच्या बाया मला बघायला येतात. चेहऱ्यावर तेज आलं म्हणतात, पाया पडतात. मला संकोच होतो. हल्ली जास्त लिहवत नाही, हात भरून येतो.

इचरज


नंदुरबार
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय इचरज,

परवाच्या शिबिराला तू पुन्हा गोदाम उघडून दिलंस. तुला बघितलं आणि मी वाकलेच गं! सगळ्या बाया पाया पडत होत्या, मीही पडले. वर्गातल्या मैत्रिणीच्या पाया पडायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, ह्या एवढ्या का वाळल्या आहेत? मी ऐटीत सांगितलं, मॅडम, वर्षीतप आहे त्यांचं, तुम्हाला नाही कळायचं. बाई पुढच्या बाईला तपासायला वळल्या.

रक्षाच्या सासरची मंडळी बैठकीत होती म्हणून आपलं धड बोलणंही झालं नाही. निघताना मिठी मारायला आले तर तू ताट मध्ये धरलंस. मी म्हटलं, शिवायचं नसेल, तुमचे काही नेम असतील. पोहे मात्र

इचरज, मी इथे थांबले होते. उठले, चहा टाकला, तो उतू गेला. पुन्हा येऊन बसले आहे.

तू पोहे डाव्या हाताने वाढत होतीस. तू, जी उजव्या हाताशिवाय कुणाच्या ताटात मीठही वाढत नाहीस. उजवा हात पदराखाली होता. हात भरून येतो, असं तूच लिहिलं होतंस. तेल लावू देत नाहीस. न्हाणीची कडी. ताट.

ती बाई तू आहेस.

मी चिखल तुडवत मोलगीला गेले, एका धडधाकट बाईला तपासून तुला पेढे वाट म्हणून लिहिलं. आणि तू वाचलंस. डॉक्टर समोर उभी होती, तिला नको म्हणून सांगणारी मीच. गावोगाव बायांना गाठ ओळखायला शिकवत हिंडते मी! माझ्या तोंडात मारावंसं वाटतं.

फोन हातात घेतला होता. तो निशाच उचलणार म्हणून ठेवला. मगन हे तुझ्या हातात देईल, तिथेच उभं राहायला सांगितलंय. उलट चिठ्ठी दे. नाहीतर पाहुणे असोत नसोत, मी येते.

सुगंधा


अक्कलकुवा
७ फेब्रुवारी २०२५

सुगंधा,

येऊ नकोस. मगन दारात उभा आहे, म्हणून भराभर लिहिते.

हो. मीच. तुझ्या शिबिराच्या दिवशीच संध्याकाळी अंघोळ करताना लागली. तू इतकं छान शिकवलं होतंस की शंकाच उरली नाही. तप मी त्यानंतर घेतलं. आज ना उद्या मी वाळणार, लोक विचारणार, हे कळत होतं. म्हटलं, वाळायचंच आहे तर पुण्य तरी पदरात पडू दे, आणि कुणी विचारणारही नाही. तसंच झालं. नवऱ्याने विचारलं नाही, मुलाने नाही, तू पण नाही. तुला दोष देत नाही. मीच तशी सोय केली होती.

रक्षाचं लग्न होऊ दे. आईला कॅन्सर म्हटलं की दोंडाईच्याचे लोक दुसऱ्या दिवशी नारळ परत पाठवतील. मुलीलाही होतो म्हणतात ना? मग तिला कोण करून घेईल? आणि नेम मोडला तर इतके महिने उपाशी राहिले ते सगळं मातीत. महासतीजींसमोर हात जोडून घेतलं आहे. औषध, सलाइन, दवाखान्यातलं खाणं, वेळी-अवेळी पाणी, कसं करू? पत्रिका छापायला गेली.

आता हरभरा नाही. लिंबाएवढी आहे. वरची कातडी ओढली गेली आहे. भीती वाटते सुगंधा, फार वाटते. पण तीन-सव्वातीन महिन्यांचाच प्रश्न आहे.

तुझ्या मंडळाचा नियम तुलाही लागू आहे. बाईची गोष्ट बाईच्या तोंडून.

इचरज


नंदुरबार
२१ फेब्रुवारी २०२५

इचरज,

नियम पाळला. कुणाला सांगितलं नाही. दोन आठवडे जेवण गेलं नाही माझं, पण पाळला.

पण एक केलं. इथल्या तुमच्या जैन स्थानकात महासतीजी आल्या आहेत. जन्मात कधी गेले नव्हते, काल गेले. चपला बाहेर काढल्या, खाली बसले, आणि तुझं नाव न घेता विचारलं, एका बाईचं वर्षीतप चालू आहे, जिवावरचं दुखणं निघालं आहे, औषध घेतलं तर तप मोडतं का? त्यांनी मला विचारलं, ती बाई रोज पच्चक्खाण घेते तेव्हा शेवटी काय म्हणते? मला काय ठाऊक! तर त्यांनीच म्हणून दाखवलं. त्यात शेवटी एक लांबलचक शब्द आहे, सव्वसमाहिवत्तियागारेणं. मी तो कागदावर लिहून घेतला. त्याचा अर्थ असा की दुखण्यात जीव कासावीस झाला, मनाची शांती जायला लागली, तर औषधपाण्याची सवलत आहे. नेम घेतानाच ठेवलेली सवलत. ती घेतली तर नेम मोडत नाही.

तू वर्षभर हे रोज म्हणते आहेस, इचरज. लहानपणापासून म्हणत आली असशील. अर्थ कधी विचारला नाहीस का गं? आम्हीही आरत्या अशाच म्हणतो म्हणा, कुणाला काय बोलू.

महासतीजी म्हणाल्या, त्या बाईला सांगा, तप देह सुकवायला असतं, दुखणं झाकायला नाही. आणि म्हणाल्या, लवकर सांगा.

रक्षाचं म्हणशील तर, आई मेल्यावर तरी त्या लोकांना कळणारच आहे. आणि मुलीलाही होतो म्हणतेस ना? मग तिलाच अंधारात ठेवणार? तुन्हा पाया पडस, इचरज. या मंगळवारी ये. मी बसस्टँडवर सकाळपासून बसते. नाही आलीस तर पुढच्या मंगळवारी बसते.

सुगंधा


अक्कलकुवा
२२ मे २०२५

प्रिय सुगंधा,

तू मुंबईला त्या शहाद्याच्या बाईला घेऊन गेलीस ते बरं केलंस. तिचं अजून बरं होण्यासारखं आहे. माझी काळजी करू नकोस, निशा आणि रक्षा दोघी सगळं करतात. तू येईपर्यंत थांबवत नाही म्हणून लिहिते. अक्षर वाकडं आहे, डाव्या हाताचं आहे.

मार्चमध्ये मला तू स्टँडवरून उचलून नेलंस, सुरतला माझ्या सोबत राहिलीस, त्याचे आभार मानत नाही. डॉक्टरांनी हाडांत आणि लिव्हरमध्ये गेलं म्हणून सांगितलं तेव्हा तू बाहेर गेलीस, चेहरा धुऊन आलीस. मी बघितलं होतं. तू नसताना मी त्यांना विचारलं, मागच्या वर्षी हरभऱ्याएवढी असताना आले असते तर? ते सरळ म्हणाले, तर आज तुम्ही मुलीच्या लग्नाच्या खरेदीत असता. मला तसंच सरळ उत्तर हवं होतं.

पारणं झालं. घरच्या घरी, पत्रिका वाटल्याच नाहीत. औषधं घेत नेम पुरा केला. रक्षाच्या पप्पांनी चांदीच्या वाटीतून उसाचा रस पाजला. दोन घोट गेले, तिसरा उलटला. त्यांनी माझं तोंड पुसलं आणि तिथेच रडायला लागले. म्हणाले, वर्षभर मी गिऱ्हाइकांना बोलावून तुझं तेज दाखवत होतो, मला का नाही सांगितलंस? एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्या अंगाबद्दल कधी विचारलं नव्हतं आणि मी कधी सांगितलं नव्हतं. आमच्यात तशी पद्धतच नव्हती. आता ते दुपारी दुकान अर्धं लावून माझ्याजवळ येऊन बसतात.

दोंडाईच्याला रक्षाने स्वतः फोन करून सांगितलं. मी नको म्हणत होते. ते म्हणाले, कळवतो. अजून काही कळवलेलं नाही. आता कळवतील असंही वाटत नाही. ज्यासाठी हे सगळं झाकलं, तेही गेलं. रक्षा म्हणते, जाऊ दे मम्मी. पण तिने लग्नाचा शालू कपाटात वरच्या फळीवर, मागे सारून ठेवला आहे.

परवा मंगळवारी मी रक्षाला घेऊन तुमच्या खोलीत गेले. तू नव्हतीस, बाया होत्या. मलाच तपासायचं आहे असं रक्षा समजत होती. आमची पाळी यायला वेळ होता, कोपऱ्यात पडदा होता. तिथे मी तिचा हात धरला आणि माझ्या ब्लाउजच्या आत, गाठीवर नेऊन ठेवला. ती हात ओढून घ्यायला लागली, रडायला लागली, मम्मी नको म्हणाली. मी सोडला नाही. माझ्यात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. म्हटलं, नीट बघ. ही अशी कडक लागते. हलत नाही. दुखत नाही. अशी लागली तर कुणाचं लग्न आहे, कुणाचा नेम आहे, कोण काय म्हणेल, काही बघायचं नाही. त्याच दिवशी इथे यायचं. म्हण, येईन म्हण. ती येईन म्हणाली. तेव्हा मी तिचा हात सोडला.

मग डॉक्टरीणबाईंनी हाक मारली आणि मी तिला आत ढकललं. माझी नाही, हिची पाळी आहे म्हणाले. बाहेर बाकावर बसून होते. गेल्या वर्षभरात स्वतःसाठी मी एवढी घाबरले नव्हते, सुगंधा. किती वेळ गेला कळलं नाही. बाई बाहेर आल्या, म्हणाल्या, हिला काही नाही, पण आता दर वर्षी आणायचं. मी म्हटलं, मी नसेन. तेव्हा रक्षा म्हणाली, मी एकटी येईन.

इचरज